मेंढ्या सोडल्या तेव्हा

मेलबर्नमधल्या आमच्या भाड्याच्या घरात तेव्हा आम्ही सात भारतीय स्टुडंट राहत होतो. बाकीचे अकाउंटिंग नाहीतर कुकरी शिकत होते. मी एकटी गवत मोजायचे.

उत्तरेकडच्या माळरानावर प्लेन्स-वॉन्डरर नावाचा लाव्याएवढा पक्षी राहतो, आता अगदी थोडे उरलेत. त्याला विरळ गवत लागतं, मधेमधे उघडी माती. त्या वर्षी पाऊस भरपूर झाला आणि गवत गुडघ्यापर्यंत आलं. मेंढ्या चारून ते खाली आणायचं आणि आधी-नंतरची उंची मोजायची, ही माझी थीसिस. मेंढ्या शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या होत्या.

मेंढ्या सोडायच्या आदल्या दिवशी मोजपट्टी टेकवताना पायाशी काहीतरी हललं. नर चार अंड्यांवर बसला होता; या पक्ष्यात अंडी नरच उबवतो. तो उडाला नाही, नुसता जमिनीला चिकटला. घरटं सापडलं तर पिल्लं बाहेर पडेपर्यंत मेंढ्या आणायच्या नाहीत, असा नियम होता. तेवढं थांबले असते तर माझा व्हिसा संपला असता.

सुपरवायझरने फोनवर विचारलं, "घरटी दिसली?"

"एकही नाही," मी म्हणाले.

तीन दिवसांनी शेतकरी मेंढ्या परत न्यायला आला, तेव्हा मीही बरोबर होते. अंड्यांचा चिखल झाला होता. नर तरीही त्यावर बसून होता, एक पंख मोडलेला. शेतकऱ्याने वाकून त्याची मान मुरगळली.

"तू इथेच मोजत होतीस ना? दिसला नाही तुला?"

"नाही."

त्याने टोपी काढली आणि पक्षी तिच्यात ठेवला.

सुपरवायझर चिडला. "म्हाताऱ्याने कुत्री सोडली असणार. ती मागे लागली की मेंढ्या वाट्टेल तशा धावतात."

"असेल," मी म्हणाले.

त्यानंतर शेतकऱ्याच्या मेंढ्या त्या माळावर घेणं बंद झालं. त्याने मला फोन केला. "मेंढ्या सोडताना कुत्री ट्रकमध्येच होती. तू पाहिलंस. सांगशील त्यांना?"

"हो, सांगते. नो वरीज."

मी सांगितलं नाही. गवत हवं तितकंच खाली आलं होतं. मला डिस्टिंक्शन मिळालं, पुढे इथे कायमचं राहायला पीआरही. मधल्या काळात त्याचा आणखी दोनदा फोन आला. स्क्रीनवर नंबर बघून मी तो वाजू दिला.