दारापर्यंत येणारा डॉक्टर

शनिवार सकाळ, वुडलँड्समधला आमचा फ्लॅट. हजर: मी, माझा नवरा आणि वरच्या मजल्यावरचे काका. विषय: काकांसाठी हृदयाचा डॉक्टर.

काकांनी नापास केला नाही असा डॉक्टर या बेटावर सापडणे कठीण. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांचा हाच उद्योग. ओळखीत कुणाला डॉक्टर हवा असला की विम्याच्या पॅनेलवर, म्हणजे विमा कंपनी ज्यांचा खर्च देते त्या यादीत, कोण आहे ते काका विचारून घेतात आणि स्वतः त्या दवाखान्यात पेशंटसारखे बसून येतात. हॉकर सेंटरमध्ये खायला आलेले लोक टेबल अडवायला ठेवतात तसे टिश्यूचे पाकीट शेजारच्या खुर्चीवर ठेवतात, म्हणजे मागून कुणी येणार आहे असे वाटते. बघायचे एकच: तपासून झाल्यावर डॉक्टर पेशंटला दारापर्यंत सोडायला येतो का? घरी आलेल्या माणसाला आपण बसल्या जागेवरून निरोप देतो का, असे त्यांचे म्हणणे. माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांचा डॉक्टर त्यांनी असाच निवडला, आणि तो फार चांगला निघाला.

आता काकांचेच पाय सुजलेत. एमआरटी मेट्रोच्या स्टेशनचा जिना चढताना ते थांबतात आणि जाहिराती वाचत असल्याचे दाखवतात. फॅमिली डॉक्टरने आठवड्याभरात हृदयाचा डॉक्टर गाठा म्हणून बजावले आहे. पण पॅनेलवरचे जवळपासचे सगळे काकांनी इतरांसाठी बघतानाच बाद करून ठेवलेले. एक बसूनच मान हलवतो, दुसरा पेशंट उठायच्या आत पुढचे नाव पुकारतो. पॅनेलबाहेरचा खर्च त्यांना झेपणारा नाही.

"काका, डॉक्टरने लिफ्टपर्यंत यायचं की खाली टॅक्सीपर्यंत?" नवऱ्याने विचारले. काकांनी चहा ढवळला.

शेवटी ऑफिसातल्या मैत्रिणीने सुचवलेल्या मरीन परेडच्या दवाखान्यात मी फोन लावला, स्पीकरवर. पॅनेलचे रिसेप्शनवरच्या बाईला ठाऊक नव्हते, विमा कंपनीलाच विचारा म्हणाली. मग, काका बघत होते म्हणून, दाराचेही विचारले. ती इथल्या इंग्रजीत म्हणाली,

"रूम व्हेरी स्मॉल, आंटी. ही स्टँड अप, ऑलरेडी अॅट द डोअर, लाह."

काका हसले. हसता हसता धाप लागली, ती बराच वेळ थांबेना. नवऱ्याने पंखा वाढवला. मी पाणी दिले.

"चालेल हा," ते म्हणाले. मग खिडकीकडे बघत, "तू बरोबर ये. टिश्यूच्या खुर्चीवर एकदा कुणीतरी खरंच बसू दे."

"येते," मी म्हणाले. तो डॉक्टर त्यांचा विमा घेतो का, हे मात्र अजून कळायचे आहे. विमा कंपनीचे ऑफिस सोमवारी उघडेल.