खेळताना वाजलं तर कबड्डी बंद

किस्से कुणी गोळा करत नाही हो. माठाखाली ओल जमते तसे ते आपोआप जमतात. एक मैदान, बारा पोरी, एक तापट क्रीडाशिक्षक आणि माझ्या पर्समध्ये टूंटूं करणारा एक मोबाईल, एवढ्या भांडवलावर आमच्याकडे वर्षभरात इतके जमले की स्टाफरूममध्ये कुणी पाहुणा आला की सगळे म्हणतात, "बाई, ते सांगा ना!" मग मी सांगते. मला काय, तोंड आहेच!

आधी माणसं ओळखून घ्या. शाळा पिंपरी पेंढारच्या अलीकडची. मी गणिताची बाई. मुलींच्या संघाबरोबर एक शिक्षिका लागतेच, म्हणून कबड्डीतलं ओ की ठो कळत नसताना मला टीम मॅनेजर केलं. कोच थोरात सर. अन् संघाची जान म्हणजे नववीतली अंकिता. ती चढाईला गेली की समोरच्या पोरींना घाम फुटतो.

मागच्या उन्हाळ्यात ही पोरगी एकाएकी वाळली, तांब्यावर तांबे पाणी प्यायला लागली आणि शेवटी दवाखान्यातच न्यावी लागली. शुगर! या वयात! रोज इन्शुलिनची इंजेक्शनं, तीही जन्मभर. घरी आल्यावर एकदा इंजेक्शन घेतलं, जेवायला उशीर झाला आणि शुगर उतरून ती गोठ्यात कोसळली. मग डॉक्टरांनी तिच्या डाव्या दंडाला मागच्या बाजूनं सेन्सर चिकटवला. दोन रुपयांच्या नाण्याएवढं पांढरं बटण. ते दर थोड्या वेळानं शुगरचा आकडा मोबाईलवर पाठवतं. आकडा सत्तरच्या खाली गेला की मोबाईल किंचाळतो, अडीचशेच्या वर गेला तरी किंचाळतो.

जूनमध्ये अंकिताची आई शाळेत आली. मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बाई, आकडं तुमालाच कळत्यात, तुमीच संबाळा. खेळू द्या म्हंता, देते. पण खेळताना ज्या दिवशी ह्ये वाजंल, त्या दिवशी कबड्डी बंद. वर गेली का खाली गेली, मला काय सांगायचं न्हाई. वाजलं म्हंजी वाजलं!"

त्यात भर म्हणजे अंकिता खोटं बोलत नाही. रोज संध्याकाळी आई विचारणार, "वाजलं का?" आणि ही खरं सांगणार. आता असल्या पोरीला घेऊन संघ कसा चालवायचा, सांगा!

*

पहिल्याच आठवड्यात आमचे हेडसर प्रार्थनेनंतर भाषणाला उभे राहिले. विषय होता, शाळेत मोबाईल आणण्याचे दुष्परिणाम. भाषण अगदी रंगात आलं आणि माझी पर्स किंचाळली.

हेडसर थांबले. "कोणाचा आहे तो?"

मी हात वर केला. चारशे पोरं माझ्याकडे बघतायत!

"बाई, निदान तुम्ही तरी! बंद करा तो आधी."

मी म्हटलं, "सर, हा बंद केला तरी परत वाजतो. अंकितानं बिस्कीट खाल्लं की गप्प बसतो."

हेडसरांनी भाषणाचा कागद खाली ठेवला. मग शिपायाला म्हणाले, "अरे, बघतो काय? बिस्कीट आण!"

अंकिताला तिथंच खाली बसवून चार बिस्किटं खाऊ घातली, तोवर चारशे पोरं सावधानमध्ये उभी. त्या दिवसापासून हेडसरांच्या ड्रॉवरमध्ये अंकितासाठी एक पुडा कायम असतो. तो दर शनिवारी रिकामा कसा सापडतो, हे मात्र अजून कुणी कबूल केलेलं नाही. प्रार्थनेला वाजलं ते खेळताना धरायचं का, असं अंकितानं घरी प्रामाणिकपणे विचारलं. आईनं ते माफ केलं.

*

आमचे भूगोलाचे गावडे सर गोडाचे भक्त. बायको कधीपासून मागे लागलीय, "शुगर तपासा." सर म्हणतात, "मला काय झालंय?"

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं. जिलेबी वाटताना गावडे सर माझ्यापाशी आले. "बाई, तो मोबाईल द्या बरं जरा." मोबाईल घेतला, आपल्या दंडाला लावला, डोळे मिटले, पाचपर्यंत मोजलं आणि बघितलं तर स्क्रीनवर एकशे बारा!

"एकशे बारा! बघितलं? उगाच घाबरवता लोकांना!" असं म्हणून सरांनी सात जिलेब्या खाल्ल्या. सात! मी मोजल्या, गणिताची आहे ना. अंकिता शेजारीच द्रोण वाटत उभी होती. ती म्हणाली, "सर, तो आकडा माझा..." पण सरांच्या दोन्ही गालांत जिलेबी. ऐकणार कोण?

दोनच दिवसांनी गावात तपासणीचं शिबिर लागलं. बायकोनं धरून नेलं. सरांची शुगर निघाली तीनशेच्या पुढं. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून आहे?"

गावडे सर म्हणाले, "परवापर्यंत तर नव्हती!"

*

थोरात सरांचं एक खूळ आहे. दम वाढवायचा म्हणून रविवारी सकाळी सगळ्या संघाला लेण्याद्रीच्या पायऱ्या पळत चढायला लावतात. पोरी पळतात, मला काय त्याचं? पण मोबाईल अंकितापासून थोडा लांब गेला की सिग्नल तुटतो. म्हणजे अंकिता पळाली की मलाही पळणं आलं.

पदर खोचला आणि निघाले. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात ग्लुकोजची पुडी. तिची शुगर उतरली तर लगेच द्यायला. वर बघून ओरडत होते, "एकशे चाळीस! हळू! एकशे तीस! हळू गं बाई!" निम्म्यात आले आणि मला पायऱ्यांच्या जागी चांदण्या दिसायला लागल्या. खाली बसले ती बसलेच.

वरून अंकिता धावत आली. माझ्या हातातला मोबाईल बघितला. "बाई, मी एकशे अठरा आहे. मी एकदम ओके आहे!" मग माझ्या दुसऱ्या हातातली ग्लुकोजची पुडी काढून घेतली, दातानं फोडली आणि म्हणाली, "आ करा."

*

ऑक्टोबरात घोडेगावला मैत्रीची मॅच होती. तिथल्या बायका अंकिताच्या दंडाकडे बघून कुजबुजत होत्या. शेवटी एक मावशी माझ्याजवळ सरकल्या.

"बाई, ती पोरगी फॉरेस्टवाल्यांची हाय का?"

"का हो?"

"न्हाई, बिबट्याला असलंच कायतरी लावून सोडत्यात ना. कुटं फिरतोय ते कळाया!"

मी कपाळाला हात लावला. पण खरी गंमत पुढं झाली. समोरच्या संघातल्या पोरी अंकिताच्या डाव्या बाजूला फिरकेचनात. पाच चढाया झाल्या, पाचही वेळा ही आरामात परत. हाफ टाइमला कळलं, की आमच्या संघातल्या मनीषानं त्यांच्या कॅप्टनला नळावर गाठून गुपचूप सांगितलं होतं, "त्या बटणाला हात लावू नका हां. करंट मारतं!"

मी मनीषाला फैलावर घेतलं. म्हटलं, "आत्ताच्या आत्ता जा आणि खरं काय ते सांगून ये." थोरात सर मात्र मागून म्हणतात, "बाई, मॅच संपल्यावर सांगितलं तर नाही का चालणार?"

*

तालुक्याच्या स्पर्धा जुन्नरला. पहिल्या मॅचआधी पंच सगळ्यांची नखं तपासत होते. अंकिताचा दंड दिसला आणि थांबले. "हे काय? काढा."

थोरात सरांचा पारा चढलाच. "काढा काय काढा? कुंकू आहे का ते, पुसून टाकायला?"

मी सरांना मागं ओढलं, डॉक्टरांचं पत्र दाखवलं. पंच म्हणाले, "ते खरं, पण समोरच्या मुलीला लागलं तर?" मग वर मऊ पट्टी गुंडाळायची असं ठरलं. मी पट्टी बांधत होते, तर हे गृहस्थ तिथंच घुटमळतायत. इकडं तिकडं बघितलं आणि अंकिताला हळूच विचारलं, "बाळ, हे लावताना दुखतं का गं? आमच्या मिसेसला लावायचं म्हणतायत, ती लई घाबरते."

"मुंगी चावते ना सर, तेवढंच. त्यांना माझ्याशी बोलायला द्या फोनवर, मी सांगते."

त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, चला, पंच आपला झाला. गृहस्थानं शिट्टी फुंकली आणि पहिला फाऊल आमच्यावरच दिला!

*

आम्ही फायनलला पोचलो. तोवर एकदाही खेळताना वाजलं नव्हतं. आम्ही वाजूच दिलं नव्हतं. मॅचआधी चिक्की, हाफला लिंबूपाणी, माझा डोळा मोबाईलवर. आणि दोन दिवस आधी अंकिता रडत आली. "आई नाही म्हणते. फायनलला लई दाबून धरतात म्हणते."

मी आणि थोरात सर घरी गेलो. तिची आई टोमॅटो निवडून क्रेटमध्ये भरत होती. मी मोबाईल काढला, आलेख दाखवला, सरासरी सांगितली. डॉक्टरांनी सांगितलेलं सांगितलं, की खाली उतरली तर लगेच थांबवायचं, पण चुरशीच्या खेळात थोडा वेळ वर गेली तर घाबरायचं कारण नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "बाई, तुमी आकडं बगता. मी तिचं डोळं बगितल्यात, पांडरं झालेलं. गोठ्यात मी एकलीच व्हते. हाका मारल्या, वळकंना मला." आणि टोमॅटो हातात धरून रडायला लागली.

मीही रडले, खोटं कशाला सांगू? मलाही एक मुलगी आहे.

तेवढ्यात ओट्यावरून अंकिताचे आजोबा बोलले. अजून वीस-पंचवीस मेंढरं आहेत त्यांची.

"सूनबाई, सरकारनं आपल्या समद्या मेंढरांच्या कानात बिल्लं ठोकलं. मंग मेंढरं काय चरायची थांबली व्हय?"

रडता रडता ती हसली. मी संधी साधली. "तुम्हीच चला फायनलला. मोबाईल तुमच्या हातात. तुम्ही म्हणाल तेव्हा थांबवू."

पदरानं डोळे पुसून म्हणाली, "येते. पण बोली तीच. वाजलं म्हंजी वाजलं."

*

फायनलला आईला मॅटच्या कडेला, पहिल्या रांगेत खुर्ची दिली. आयुष्यात तिनं मुलीचा खेळ कधी बघितला नव्हता. त्या दिवशीही बघत नव्हती. दोन्ही हातांत मोबाईल धरलेला, मान खाली. अंकिता चढाईला गेली की लोक ओरडायचे आणि ही पुटपुटायची, "एकशे साठ... एकशे साठ..."

हाफला आम्ही चार गुणांनी मागं. दुसऱ्या हाफमध्ये अंकितानं एका चढाईत दोघींना बाद केलं. मैदान उठलं! आईनं मान वर केली. परत खाली घातली. पुढच्या चढाईला परत वर केली. मी शेजारीच होते. मोबाईलवर एकशे नव्वद, दोनशे दहा. पोरीच्या अंगात आलं होतं नुसतं. मी देवाला म्हटलं, बाबा रे, पाच मिनिटं फक्त अडीचशेच्या आत ठेव.

शेवटचं मिनिट. आम्ही एका गुणानं मागं. अंकिता चढाईला गेली. समोर चौघी. तिनं डावीकडं हुल दिली, एकीला हात लावला, तिघींनी कंबर धरली.

आणि मोबाईल वाजला.

संपली कबड्डी. पलीकडून थोरात सर ते ऐकून धावत आले, आईच्या समोर येऊन उभे राहिले, घामाघूम, हात जोडलेले. "वहिनी, शुगर किती? खाली आहे का वर? ही चढाई संपली की थांबवू का? तुम्ही सांगाल तसं!"

आईनं मोबाईलकडं एकदा बघितलं.

"दोनशे छप्पन. वर हाय."

मग मोबाईल माझ्या मांडीवर टाकला, खुर्चीवरून उठली आणि सरांना हातानं ढकलत ओरडली, "सर, आडवं कशाला उबं ऱ्हायलात? सरका की बाजूला! पोरगी दिसंना मला!"