भसीनसाहेबांची खानदानी मॉरिस

नव्वदनंतर दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये जो तो हप्त्यांवर नवी कोरी गाडी घेत होता, तेव्हा दीनानाथ गुप्त्यांनी फरीदाबादच्या एका बंद कारखान्यातून जुनी मॉरिस टेम्पोत घालून आणली. मागच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत होती.

शेजारी राहणारे, मंत्रालयात त्यांच्याच सेक्शनला असलेले खंडेराव आपल्या नव्या गाडीवर फडकं मारता मारता म्हणाले, "देश पुढे चाललाय यार, तुम्ही कुठे निघालात?"

"देशाला होऊ दे पुढे. मी हिचे ब्रेक बघून येतो मागून."

याआधी एक हेरल्ड आणि एक लँडमास्टर अशा दोन जुन्या गाड्या दीनानाथांनी अशाच मरणाच्या दारातून ओढून आणल्या होत्या आणि हौशी लोकांना देऊन टाकल्या होत्या. मॉरिस मात्र त्यांनी दिली नाही. कार्ब्युरेटर ओट्यावर, दारांच्या मुठी देव्हाऱ्याखाली. कल्पनावहिनी म्हणायच्या, "सवत आणली असती तर निदान पोळ्या तरी लाटल्या असत्या तिने." खंडेराव रविवारी पाच मिनिटांसाठी म्हणून डोकवायचे आणि जेवणाची वेळ टळून जाईपर्यंत टॉर्च धरून उभे असायचे.

रिटायर झाल्यावर दोघांनी गाझियाबादेत 'बकिंगहॅम एन्क्लेव्ह'मध्ये फ्लॅट घेतले. नाव राणीच्या राजवाड्याचं, पाणी टँकरचं. सोसायटीचे सेक्रेटरी भसीनसाहेब यांनी लगोलग फर्मान काढलं, की कबाडामुळे सोसायटीचा लुक बिघडतो. मॉरिस फाटकाबाहेर पानवाल्याशेजारी गेली.

मग भसीनसाहेबांच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा अमेरिकेतला, त्याला 'विंटेज' गाडीतूनच मांडवात यायचं होतं. साहेब मिठाई घेऊन हजर. "गुप्तेजी, आपकी वो एंटीक..."

आता दीनानाथ चांगलं सुनावणार, म्हणून खंडेराव सरसावून बसले. दीनानाथ म्हणाले, "बिल्कुल. बस, फूल टेप से मत चिपकाना. पेंट नया है."

वरातीत ते स्वतःच टोपी घालून चालवायला बसले. बँडच्या चालीनं गाडी ऐटीत आली, एकदाही न अडता. व्याह्यांनी विचारलं, गाडी कोणाची? भसीनसाहेबांनी छाती फुगवली. "पुश्तैनी है जी. दादाजी की." व्याह्यांनी खूश होऊन ड्रायव्हरच्या हातात शगुनाचं पाकीट ठेवलं. दीनानाथांनी सलाम ठोकला.

खंडेरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सांगितलं का नाही तुम्ही?"

"अहो, पोरीचं लग्न ते! आणि हिचा फायदाच झाला की. खुराड्यातून थेट खानदानी!"

दुसऱ्या दिवशी मॉरिसला क्लबहाउससमोर जागा मिळाली.

काही वर्षांनी दीनानाथ अचानक गेले. शोकसभेत भसीनसाहेब 'माझे परममित्र' इथून सुरू झाले आणि ठरावावर आले. मॉरिस फाटकाशी चौथऱ्यावर ठेवावी, काचेत. वर पाटी, 'हमारी हेरिटेज'. फ्लॅटचे भावही वाढतील. माना डोलल्या. खंडेरावांना विरोध करायचा होता. त्यांनी हात वर केला.

कल्पनावहिनी उठल्या. "गाडी उभी ठेवली की बसते. तिला फिरवायला लागतं. खंडेराव, येता?"

"पण चालवणार कोण?"

"मी. सरकारी क्वार्टरमध्ये होतो तेव्हाच शिकवलं होतं त्यांनी. तुमच्यासमोर कुरकुर करायची म्हणून करत होते."

इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. सभा तशीच बसून राहिली आणि मॉरिस फाटकाबाहेर पडली. हिंडन नदीच्या पुलावर वहिनींनी उसाची एक ट्रॉली मागे टाकली. खंडेराव एका हातानं डोळे पुसत होते, दुसऱ्या हातानं दार घट्ट धरून होते.

"वहिनी, जरा हळू," ते म्हणाले.

वहिनींनी ऐकलं नाही.