दोन पावलांपुरती माती

ठमीच्या खोलीमागच्या जागेला अंगण म्हणायचं की फट, हे चाळीत कुणी ठरवलेलं नाही. एका बाजूला खोलीची भिंत, दुसऱ्या बाजूला कंपनीची. मध्ये उभं राहून ठमीने हात पसरले की दोन्ही तळव्यांना सिमेंट लागतं. कंपनीची भिंत उंच, तिच्या डोक्यावर काचा रोवलेल्या. ऊन दुपारी जेवणाच्या वेळेला येतं, जमिनीवरून हात फिरवल्यासारखं करतं आणि निघून जातं. मग सावली. बोईसरच्या या भागातल्या सावलीला वास असतो, कधी आंबट, कधी नेलपॉलिशसारखा.

या फटीत ठमी दुधी लावते.

ती जव्हारकडच्या डोंगरातली. भावेश पोटात होता तेव्हा ती आणि नवरा देवू कामासाठी इथे उतरले. पाड्यावरची माणसं उतरतात आणि पेरणीला परत चढतात, तसंच यांचंही ठरलेलं होतं. पेरण्या झाल्या, कापण्या झाल्या. देवू बॉयलरवर कोळसा ओढत राहिला आणि एक दिवस त्याची छाती बसली. आता तो खाटेवर असतो. नाकाला नळी, उशाशी हवा देणारं यंत्र. यंत्र दिवसरात्र घुमतं. वीज गेली की ते गप्प होतं, आणि मग कोपऱ्यातला सिलिंडर कुणीतरी पटकन चालू करायचा असतो. भावेश कामावर असतो, म्हणजे ते कुणीतरी ठमीच. यंत्राचा आवाज जिथवर ऐकू येतो तिथवर ती जाते. तेवढंच तिचं गाव.

दुधी तिच्या आईचा आहे. आखूड मानेचा, पोट सुटलेला, अंगावर पांढरे ठिपके. दर वर्षी एक फळ वेलावरच ठेवायचं, साल लाकडासारखी होईपर्यंत, आत बिया वाजेपर्यंत. त्या फळाला देवू ‘तुझी आयस’ म्हणतो. "तुझी आयस लटकली गे," असं खाटेवरून ओरडतो आणि मग खोकतो.

आई गेली. गावी आता भाऊ लावतो. ठमीने फोनवर विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बाय, तो जुना दुधी कोन लावतो आता? पुडीतला लांब येतो. बाजारात चालतो." ठमीने फोन ठेवला. म्हणजे ते बी आता फक्त तिच्याकडे होतं, खिडकीला टांगलेल्या डबीत, राखेत पुरलेलं. त्यातही गेल्या वर्षी मातीत अळी झाली, ठेवलेला दुधी अर्धा कुजला. धड बिया राहिल्या मूठभरही नाहीत.

म्हणून यंदा तिने राब करायचं ठरवलं.

डोंगरात पेरणीआधी जमीन भाजतात. शेण, पाला, वाळक्या फांद्या पसरायच्या, वर मातीचा पातळ थर द्यायचा आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं. जाळ होऊ द्यायचा नाही. आतल्या आत धुमसलं पाहिजे. कच्च्या मातीत बी टाकणं म्हणजे पाहुण्याला उष्ट्या ताटात वाढणं, असं आई म्हणायची. बोईसरला आल्यापासून ठमी कच्च्याच मातीत बी टाकत आली होती आणि दर वेळी तिला लाज वाटत होती.

वैशाखातल्या एका दुपारी वारा पडला तेव्हा तिने काडी ओढली. राब छान धुमसला. जाळ नाही, नुसता धूर. जाड, पांढरा, जमिनीलगत सरकणारा. तो भिंतीवर चढला आणि पलीकडे उतरला.

"गॅस! गॅस फुटला!" शेजारची स्वाती पोराला काखेत मारून धावत सुटली. ओढणी ओली करून तोंडाला लावलेली. तिच्यामागे सगळी चाळ. भिंतीपलीकडे भोंगा वाजायला लागला. ठमी हातात काठी घेऊन राबाशी बसलेली. धावपळ ऐकून ती दारात आली.

"कोन मेला गे?"

स्वातीने वळून बघितलं. ठमीच्या मागून धूर येत होता. "मेला कोन? तूच मारशील सगळ्यांना, मावशी!"

भिंतीवर वॉचमनचं डोकं उगवलं. "अरे माताजी! इधर सॉल्वेंट का टंकी है! मरवाओगी क्या?"

बादल्या रिकाम्या झाल्या. राब विझला, चिखल झाला. ठमी आत धावली. खोलीतही धूर भरला होता. ती खिडकी लावायला लागली, तर देवूने हात हलवला. त्याचे डोळे वाहत होते, छाती फाटत होती.

"राहू दे," तो म्हणाला. "घरचा वास हाय."

दुसऱ्या दिवशी खोल्यांचा मालक पुंडलिक आला. तो घिवलीचा, समुद्रावरचा माणूस. "वैनी, कंपनीच्या साहेबानं मला दारात उभा ठेवला. पोरासारखा. आता मागं कोबा टाकतो. माती नाय, तर आग नाय."

"मग मी पेरू कुठं?"

"डरमात लाव. भंगारात निळे डरम मिलतात."

"लावला होता एकदा. पानं अशी आखडली, म्हाताऱ्याच्या बोटासारखी. काय होतं त्या डरमात देवाला ठाऊक. शेट, तुमची होडी टपात चालंल का?"

पुंडलिक हसला, पण अर्धंच. "होडी कवाच गेली, वैनी. मी बी आता कोब्यावरच बसतो."

कोबा टाकायला मिस्त्री आला तेव्हा ठमी अनवाणी मागे गेली आणि भिंतीच्या बुडाशी, ऊन सगळ्यात जास्त रेंगाळतं तिथे उभी राहिली. मिस्त्री दाराकडून सुरुवात करून तिच्यापर्यंत आला.

"अम्मा, हटो. सीमेंट चमड़ी खाता है."

"खाऊ दे."

त्याने पुंडलिकाकडे बघितलं. पुंडलिक दाराच्या चौकटीत. "वैनी, कवर उभी राशील?"

"तुमचा कोबा सुकं तवर."

मिस्त्रीने खांदे उडवले आणि तिच्या पायाभोवती माल ओतला. थंड, जड, घोट्यापर्यंत. तिने खाली बघितलं नाही. ती यंत्राचा आवाज ऐकत होती. आवाज चालू होता तोवर ती उभी राहू शकत होती.

आणि वीज गेली.

इतकी शांतता त्या फटीत कधी झाली नव्हती. ठमीने उजवी टाच उचलली. ओला माल लगेच खाली सरकायला लागला. ती निघाली असती तर भोक बुजलं असतं. राहिली असती तर आत देवू. त्या एका क्षणात ती कुठल्या बाजूला झुकली हे तिने कुणालाच सांगितलेलं नाही.

"तू थांब!" पुंडलिक ओरडला आणि आत पळाला.

आतून देवूचा आवाज आला, फाटका, तुटक. "शेट, गोल फिरवा... उलटा... अहो, उलटा!" मग सिलिंडरची फुस्स. मग देवूचा लांब, भरलेला श्वास.

पुंडलिक बाहेर आला तेव्हा घामाने निथळत होता. ठमीची टाच पुन्हा खाली टेकलेली होती. त्याने तिच्या पायांकडे बघितलं.

"छोड़ दे उतना," तो मिस्त्रीला म्हणाला. "दोन पावलांपुरतं. आनि वैनी, धूर दिसला तर ते बी बुजवीन."

मिस्त्रीने थापीने दोन्ही भोकांच्या कडा गोल केल्या, देवळातल्या पादुकांभोवती करतात तशा. माल धरल्यावर ठमीने पाय काढले. पुढे कितीतरी दिवस तिच्या पायांची साल निघत होती.

पण माती कच्चीच होती. बी टाकायच्या आदल्या सकाळी तिने दोन्ही भोकांतली माती खरवडून काढली आणि गॅसवर, भाकरीच्या तव्यावर भाजली. थोडी थोडी, उलथण्याने हलवत. मग निववून परत भरली.

"काय शिजवतेस?" देवूने विचारलं.

"जमीन."

डाव्या पावलातलं बी उगवलं नाही. उजव्यातलं उगवलं. सुतळीवरून वेल चढला. अलीकडची फुलं गळत राहिली, कारण ऊन पलीकडे होतं. वेलाला ते कुणी सांगावं लागलं नाही. तो काचांवरून पलीकडे गेला. ठमीने काठीच्या टोकाने चिंध्या सरकवून काचांवर अंथरल्या. त्यापलीकडे तिला काही करता येत नव्हतं.

फळ धरलं ते तिकडेच, एकच. ते तिने पाहिलेलं नाही. वेल ताठ होत गेला त्यावरून तिला कळलं. रोज सकाळी ती वेलावर तळवा ठेवते आणि ओढ मापते.

"तुझी आयस कवडी जाली?"

"तांब्याएवढी." मग काही दिवसांनी, "कळशीएवढी."

वॉचमनचं डोकं पुन्हा उगवलं. "माताजी, लौकी बढ़िया आया है. सब्ज़ी बना लूँ?"

"नको! बियाला हाय. बीज. सुकू दे. मग मना दे."

तो गंभीर झाला. "काटूँगा नहीं. पर दूँगा कैसे? अंदर का सामान बाहर गया तो गेट पास लगता है. कैमरा है."

"माझा हाय तो."

"लटका तो अंदर है ना."

आता थंडी पडली आहे. वेल बुडापासून पिवळा झाला. ओढ रोज थोडी कमी होते. फळ सुकलं की हलकं होतंच. कुणी नेलं तरी वेल हलकाच होईल. तळव्याला त्यातला फरक कळत नाही.

काल उत्तरेचा वारा सुटला. ठमी मागे भांडी घासत होती. भिंतीच्या पलीकडे काहीतरी टणक आपटलं, आणि आत खुळखुळलं. तिने हात थांबवले. पुन्हा आपटलं, पुन्हा खुळखुळलं. पाठीमागे यंत्र घुमत होतं, समोर भिंत होती, आणि तिच्यापलीकडे बी तयार होतं.

तिने राखेचा हात लुगड्याला पुसला आणि भिंतीला कान लावला.

"काय बोलते गे तुझी आयस?" देवूने आतून विचारलं.

पलीकडे पुन्हा खुळखुळलं.

"पास मागते," ती म्हणाली.