शब्दांवाचून गेलेली चाल

भावना गजभिये सक्करदऱ्याच्या एका शाळेत संगीत शिकवते. शिकवते म्हणजे प्रार्थना घेते आणि स्नेहसंमेलनाचं स्वागतगीत बसवते. तिची खरी गाणी निराळी. ती तिने स्वतः लिहिलेली, घरात बोलतात त्याच बोलीत.

ही गाणी सिनेमात, मालिकांत जावीत म्हणून ती कितीतरी वर्षं झटत होती. आधी नुसतं गाणं पाठवायची. मग कळलं, गाणं चांगलं असून भागत नाही. निवडणाऱ्याला सोबत आवाजाविना नुसती वाजवलेली प्रतही लागते, गाणं कोणाकोणाचं आहे ते स्पष्ट लागतं, आणि मागितली की परवानगी मिळेल याचा भरवसा लागतो. तिने तेही केलं. उत्तर मात्र यायचं नाही. ‘नको’ असंसुद्धा कोणी कळवायचं नाही. पुढेपुढे ती गाणं पाठवायची आणि पाठवल्याचं विसरून जायची. आशा ठेवायचाही थकवा येतोच की.

आणि एका दुपारी, शाळेने सोपवलेले पेपर तपासत असताना, मुंबईहून फोन आला. मुग्धा नावाची मुलगी होती. वेब मालिकांसाठी गाणी शोधून देणं हेच तिचं काम.

“भावनाताई, तुमचं वडिलांवरचं गाणं आमच्या दिग्दर्शकांना फार आवडलंय. पण सगळ्यांच्या सह्या लागतील हं. शब्द तुमचे, चाल प्रीतम रामटेकेंची, रेकॉर्डिंग दोघांनी मिळून केलेलं. एकाची जरी सही नसली तरी आम्हाला गाणं घेता येत नाही.”

फोन ठेवल्यावर भावनाला आनंद व्हायला हवा होता. पण मनात पहिल्यांदा आला तो प्रीतम.

एकेकाळी दोघं मिळून गाणी करायचे. एका सिनेमावाल्याने शब्द दिला म्हणून वर्षभर वाट पाहिली आणि शेवटी सिनेमात दुसऱ्याचंच गाणं वाजलं. त्या दिवशी प्रीतमने गिटार विकली. “मले आता बोलावू नको,” एवढंच म्हणाला. तिने बोलावलं नाही. आता तो शहराच्या कडेला, बेसाला बिजलीच्या सामानाचं दुकान चालवत होता.

शाळा सुटल्यावर ती स्कूटीने बेसाला गेली. नव्या इमारतींच्या गर्दीत दुकान सापडेपर्यंत पाठ धरून आली. प्रीतम शिडीवर चढून पंखे टांगत होता.

“काहून आली वं?” त्याने वरूनच विचारलं.

तिने सगळं सांगितलं. त्याने खाली उतरून हात पुसले.

“सही करतो मी. पण सीन कोणता हाय?”

इतक्या वर्षांनी कोणी हो म्हटलं होतं. विचारायचं भावनाला सुचलंच नव्हतं.

“विचार ना. गाणं तुया बाबाचं हाय.”

गाणं खरंच बाबांचं होतं. लहानू गजभिये सावनेरकडच्या कोळसा खाणीत उभा जन्म राबले. पाळी संपवून आले की आधी हात धुवायचे, पुन्हा धुवायचे, मगच लेकीला उचलून घ्यायचे. ‘बाप माहा हात धुते, तरी हात काळे’ हे धृपद तिथून आलं होतं.

तिने तिथूनच मुग्धाला फोन लावला. मुग्धा जरा अडखळली. “वडील दारू पिऊन येतात आणि मुलीला मारतात, त्या प्रसंगावर आहे. तो विरोधाभासच दिग्दर्शकांना हवाय.”

“मग नाही जमणार,” भावना म्हणाली. आवाज चढला नाही की थरथरला नाही. घरी येऊन तिने कुकर लावला. हातची संधी घालवली याचं दुःख करायलाही अंगात त्राण नव्हतं.

दोन दिवसांनी मुग्धाचा पुन्हा फोन आला. “मी भांडले तुमच्यासाठी. तो प्रसंग सोडा. मुलगी बसने गाव सोडून जाते, तिथे तुम्ही पाठवलेली आवाजाविनाची प्रत त्यांना चालेल. फक्त चाल. शब्द नकोत.”

भावनाने प्रीतमला कळवलं. तो भडकला. “तुया शब्दाबिगर कायचं गाणं वं? मी देत नाई.”

“जाऊ दे गा,” ती म्हणाली. “काहीतरी जाऊ दे आपलं.”

दोघांनी सह्या केल्या. रेकॉर्डिंगमध्ये तिचाही वाटा होता, म्हणून तिची सही लागलीच.

मालिका आली तेव्हा प्रीतम बायकोला घेऊन भावनाच्या घरी आला. बाबा खुर्ची ओढून टीव्हीच्या जवळ बसले. बस निघाली, चाल सुरू झाली. चालीवरच कंडक्टरची घंटी वाजली, मग मुलीचं फोनवरचं बोलणं, आणि बस वळली तशी चाल विरून गेली. प्रीतम खाली मान घालून ऐकत होता. त्याच्या बायकोने हळूच त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“गाणं कवा लागते वं?” बाबांनी विचारलं.

“लागून गेलं, बाबा.”

“मले तं आयकूच नाई आलं.”

“गाणं नव्हतंच. नुसती चाल होती.”

“हौ का,” म्हणून ते पुढचा भाग पाहू लागले.

शेवटी नावं आली. संगीत, प्रीतम रामटेके. गीत म्हणून कोणाचं नाव असायचं कारणच नव्हतं. भावनाला वाईट वाटलं, पण शब्दांवाचून चालेल हे तिनेच कबूल केलं होतं.

महिन्याभरात मुग्धाने विचारलं, अशा आणखी चाली आहेत का, आवाजाविना? भावनाने तिला प्रीतमचा नंबर देऊन टाकला. त्याच संध्याकाळी प्रीतमचा फोन आला. आवाजात जुनी घाई होती.

“गिटार पाहून राहिलो वं मी, सेकंडहँड. सोबत करू ना?”

“तू कर. तुयं चांगलं होऊन राहिलं.”

“आन तू?”

“मी शब्दवाली बाई हाय, प्रीतम. थकली मी, मले थोडं बसू दे.”

तिने फोन ठेवला आणि बाबांसाठी चहा टाकला. त्यांना आता साखर कमी लागते.