माळावरचा जांभळा रंग

कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात जिन्याखाली एक खोली होती. खिडकी एकच, टेबल मोठं, आणि भिंतीला लागून छतापर्यंत लोखंडी कपाटं. त्या खोलीत डिंकमावशी एकतीस वर्षं बसल्या. हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. कुणी रानातून रोप आणलं की ते वर्तमानपत्रात दाबून वाळवायचं आणि जाड पांढऱ्या कागदावर चिकटवायचं, हे त्यांचं काम. पाकळी दुमडता कामा नये, मूळ तुटता कामा नये. डिंकाचा एक थेंब जरी बाहेर आला तरी त्या दिवशी मावशींना जेवण गोड लागत नसे. जाड देठ असला तर त्या तो सुईदोऱ्याने कागदाला शिवून टाकत. शेवटी खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी लावायची: रोपाचं नाव, कुठे मिळालं, आजूबाजूला काय होतं.

चिठ्ठ्या त्या मन लावून वाचत. 'खाडीतला चिखल, भरतीचं पाणी येतं.' 'दाट जंगल, ऊन पोचत नाही.' 'बर्फाच्या कडेला, खडकाच्या फटीत.' स्वतः मात्र त्या घर आणि कॉलेज सोडून फारशा कुठे गेल्या नव्हत्या. जाऊबाई दरवर्षी हिंडून येत आणि आल्या की फोटो घेऊन बसत.

"हा बघ समुद्र. हा बघ बर्फाचा डोंगर. आणि तू जन्मभर पालापाचोळा चिकटवत बस!"

मावशी हसून चहा पुढे करत. जाऊबाईंच्या जिभेला हाड नव्हतं, पण मनात काही नसे.

निवृत्तीला तीन महिने उरले तेव्हा विभागातल्या धाकट्या मॅडम खोलीत आल्या. या मॅडमना नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं.

"मावशी, तुम्हाला भेट काय द्यायची? भिंतीवरचं घड्याळ देऊ?"

"घड्याळ नको गं बाई. आमच्या ह्यांचा धंदाच घड्याळं दुरुस्त करायचा. घरात अकरा आहेत, आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नाही."

"मग?"

मावशींनी हातातला ब्रश खाली ठेवला. "मला एकदा पाण्याच्या टाकीपलीकडच्या माळावर ने."

मॅडमना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "समुद्राला जाऊ या ना! नाहीतर जंगलात. माळावर काय आहे?"

"ते मला काय माहीत? पण सगळ्यात जास्त चिठ्ठ्यांवर त्याचंच नाव असतं."

माळ कॉलेजच्याच मालकीचा होता, बसने वीस मिनिटांवर. पण मावशींचं घर शहराच्या एका टोकाला आणि माळ दुसऱ्या, त्यामुळे तिकडे जायचं कारण कधी पडलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी दोघी गेल्या. पाऊस थांबून महिना होत आला होता. पाण्याच्या टाकीमागे चढ संपला आणि समोर पसरलं गुडघाभर गवत, मधे मधे काळे खडक, वर मोकळं आभाळ. झाड म्हणून एक नाही. मावशींनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"एवढंच?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"खाली बसा मावशी," मॅडम म्हणाल्या. "माळ उभ्याने दिसत नाही."

गुडघे कुरकुरले, तरी मावशी बसल्या. गवताच्या बुडाशी एक टीचभर रोप होतं. पानांच्या कडा दातेरी, देठावर बारीक लव. हे पान त्या झोपेतही ओळखतील. शंभर वेळा तरी चिकटवलं असेल. कागदावर त्याचं फूल चहाच्या डागासारखं तपकिरी दिसे. इथे ते जांभळं होतं. गर्द जांभळं, आणि आत गळ्याशी एक पिवळा ठिपका.

"अगं बाई! ही जांभळी होती होय?"

आणि मावशींच्या डोळ्यांना धार लागली. एकतीस वर्षं जिला हाताळलं तिचा रंग त्यांना आज कळत होता. मग त्यांना उठवणं मुश्कील झालं. गुडघ्यांवरच सरकत त्या एकेकीला शोधू लागल्या. ही पिवळी निघाली, ती गुलाबी, आणि जिला त्या पांढरी समजत होत्या ती चक्क निळी. खडकाच्या खळग्यात पाणी साठलं होतं, त्याच्या कडेला तांबडी, बोटाच्या पेराएवढी, दवबिंदू नावाची किडे खाणारी रोपं. प्रत्येक केसावर चिकट थेंब, आणि एका थेंबाला चिकटलेलं चिलट.

"ही तर माझ्याच धंद्यातली!" मावशी म्हणाल्या, आणि दोघी पोट धरून हसल्या.

वारा आला की सगळं गवत एका बाजूला लवे आणि पुन्हा सावकाश उभं राही. एक लहानसा पक्षी गाणं म्हणत सरळ वर गेला, ठिपका झाला, तरी त्याचा आवाज ऐकू येत होता. मावशी मान वर करून बघत राहिल्या. मधे काहीच आड येत नव्हतं.

पुढच्या रविवारी त्यांनी नवऱ्याला ओढून नेलं. तो कुरकुरतच आला, पण डोळ्याला लावायचं भिंग खिशात होतं. एका गवताचं कुसळ त्याने भिंगाखाली धरलं, त्यावर पाण्याचा थेंब सोडला, तर त्याचा पीळ आपोआप उलगडू लागला.

"अगं, हे तर स्प्रिंगचं काम आहे! बी स्वतःला जमिनीत फिरवून घेतंय!" त्या दिवशी घरी जायची घाई मावशींनाच करावी लागली.

शेवटच्या महिन्यात फलकावर सूचना लागली: टाकीपलीकडच्या ओसाड जमिनीवर हजार झाडं लावणार. धाकट्या मॅडम हिरमुसल्या, पण नव्या नोकरीत प्राचार्यांपुढे बोलायची त्यांची छाती होईना. मावशी म्हणाल्या, "मला आता कोण काढून टाकणार आहे?" आणि कपाटातले गठ्ठे उचलून सरळ प्राचार्यांच्या खोलीत गेल्या.

"मावशी, झाडांना विरोध? तुम्ही?"

"झाडांना नाही साहेब, जागेला."

"अहो, पण तिथे आहे काय? गवत!"

मावशी एकेक कागद मांडू लागल्या. टेबल भरलं, मग खुर्च्या, मग जमीन. प्राचार्यांना पाय उचलून बसावं लागलं.

"दोनशे सतरा जाती. सगळ्या त्या माळावरच्या. यांना ऊन लागतं. सावली पडली की यातल्या बहुतेक जातील."

"खरं सांगू? मला तिथे सुंदर असं काही दिसलं नाही."

"तुम्ही गाडीतून बघितलंत. उद्या माझ्याबरोबर चला, आणि जुनी पँट घाला."

प्राचार्य माणूस हट्टी होता, पण वाईट नव्हता. तो गेला, गुडघे टेकून बसला, तासभर उठला नाही. मात्र वृक्षारोपणासाठी पाहुण्यांना निमंत्रणं गेली होती, आणि खालच्या उतारावर दीडशे खड्डे खणूनही झाले होते. शेवटी असं ठरलं, की खड्डे आहेत तिथे झाडं लागतील, आणि बाकीची रस्त्याच्या कडेला आणि वसतिगृहाच्या आवारात. वरचा माळ तसाच राहील.

खालचा उतार गेला याचं मावशींना फार लागलं. जांभळी फुलं सगळ्यात दाट तिथेच होती. तीन वर्षांत झाडं डोक्याइतकी वाढली आणि फुलं तिथून दिसेनाशी झाली. येणारेजाणारे थांबून म्हणत, काय छान हिरवंगार केलंय. मावशी वरच्या माळाकडे चालू लागत.

निवृत्तीनंतर मावशी कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना माळावर घेऊन जाऊ लागल्या. एकदा जाऊबाईही आल्या, कपड्यांना कुसळं चिकटली म्हणून वाटभर कटकट करत. वर पोचल्यावर म्हणाल्या, "फोटो कशाचा काढू? इथे समोर काहीच नाही."

"बस जरा," मावशी म्हणाल्या.

जाऊबाई बसल्या. बराच वेळ गेला.

"ए," त्या हळूच म्हणाल्या, "ही निळी कोण?"