निवडीचा सत्कार

उन्हाळ्यातल्या गणित संशोधन शिबिरासाठी अकोल्याच्या आमच्या कॉलेजातून पहिल्यांदाच कोणाची, म्हणजे माझी, निवड झाली. पहिल्या दिवशी गैरहजर राहिल्यास जागा दुसऱ्याला जाणार होती. प्राचार्यांनी नेमका निघायच्या दुपारीच सत्कार ठेवला, कारण प्रमुख पाहुणे तेव्हाच मोकळे होते. ते अमरावतीहून उशिरा आले आणि शून्याच्या शोधावर बोलत राहिले. मी उठलो तशी बाबांनी बाही ओढली. "मोठे लोक बोलून राहिले ना बे, बस खाली!"

भर मे महिन्यात अंगावर लोकरी शाल घेऊन मी बसलो आणि गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. संध्याकाळी जागा भरल्याचा शिबिरातून फोन आला.

आता मी अकोल्यातच दहावीचे क्लास घेतो. फोटोचं कात्रण दारात लावलंय. त्यावर ॲडमिशन होतात.